स्वयंचलित बॉट आणि सॉफ्टवेअर विकसक : सहकार्य, उपद्रव आणि उत्तरदायित्व

सारांश

संगणकीय आज्ञावली तयार करण्याच्या कामात 'बॉट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंचलित सहकाऱ्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. दोष शोधणे, जुन्या लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या सुचविणे, नवागतांचे स्वागत करणे, निष्क्रिय तक्रारी बंद करणे आणि अलीकडे तर स्वतः आज्ञावली लिहिणे अशी अनेक कामे हे बॉट करतात. या सहकाऱ्यांविषयी विकसकांच्या मनात दिलासा, त्रासिकपणा, अविश्वास आणि दुरावा अशा संमिश्र भावना आढळतात. प्रस्तुत लेखात या भावनांचे स्वरूप, त्यांची कारणे आणि त्यांतून उद्भवणारा उत्तरदायित्वाचा प्रश्न यांचा उपलब्ध संशोधनाच्या आधारे परामर्श घेतला आहे. बॉटविषयीची नाराजी ही यंत्रविरोधातून आलेली नसून मानवी अवधान, संवाद आणि जबाबदारी यांच्यावर पडणाऱ्या ताणातून आलेली आहे, असे या विवेचनातून दिसते.

बीजशब्द : बॉट, सॉफ्टवेअर विकसक, मुक्तस्रोत प्रकल्प, अवधान, स्वयंचलन, उत्तरदायित्व

प्रास्ताविक

यंत्रामुळे माणसाच्या कामाचे स्वरूप बदलते, हा सिद्धान्त नवा नाही. गिरणी, छापखाना, बँक, रेल्वे आरक्षण अशा प्रत्येक क्षेत्रात यंत्र आले तेव्हा तेथील कामगारांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनी व मानसशास्त्रज्ञांनी केला. या बदलांमागे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जो वर्ग उभा होता तो संगणक आज्ञावलीकारांचा. इतरांचे काम स्वयंचलित करणे हाच या वर्गाचा व्यवसाय होय. आता मात्र हाच वर्ग स्वयंचलनाच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे. त्याच्या कामावर शेरे देणारा, त्याला आठवण करून देणारा, त्याचे काम नाकारणारा आणि क्वचित त्याच्या जागी काम करणारा सहकारी आज एक आज्ञावलीच आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये 'स्वयंचलनातील विरोधाभास' या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. कारखान्यांतील नियंत्रण-कक्ष हा त्यांच्या विवेचनाचा विषय होता. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे देखरेखीचे व अवघड प्रसंगी हस्तक्षेप करण्याचे काम उरते. परंतु रोजचा सराव सुटल्यामुळे नेमका तो हस्तक्षेप करण्याची क्षमताच क्षीण होत जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. चार दशकांनंतर हे निरीक्षण आज्ञावली लिहिणाऱ्यांनाच लागू पडू लागले आहे. म्हणूनच या व्यवसायातील माणसांना आपल्या यंत्रसहकाऱ्यांविषयी काय वाटते, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. तो श्रमाच्या स्वरूपाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न ठरतो.

उद्दिष्टे

१) सॉफ्टवेअर निर्मितीतील बॉटचे स्वरूप व प्रकार स्पष्ट करणे.
२) बॉटसोबत काम करताना विकसकांच्या मनात निर्माण होणाऱ्या भावनांचा व त्यांच्या कारणांचा शोध घेणे.
३) स्वयंचलित सहकार्यातून निर्माण होणाऱ्या उत्तरदायित्वाच्या प्रश्नाची चर्चा करणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

बॉट : संज्ञा आणि स्वरूप

'रोबो' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. 'बॉट' हे त्याचेच संक्षिप्त रूप. रोबोला देह असतो. बॉटला तो नसतो. संगणकाच्या जाळ्यावर एखाद्या सभासदासारखे खाते असलेली, ठराविक घटना घडताच आपणहून कृती करणारी आज्ञावली म्हणजे बॉट, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल.

बॉट नेमके कोठे काम करतात हे समजण्यासाठी आजच्या आज्ञावली-निर्मितीची पद्धत लक्षात घ्यावी लागते. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या संकेतस्थळामुळे एक विशिष्ट कार्यपद्धती रूढ झाली. एखाद्या प्रकल्पात बदल सुचवायचा असेल तर विकसक आपला बदल 'पुल रिक्वेस्ट' या स्वरूपात, म्हणजे विलीनीकरणाच्या विनंतीच्या रूपाने मांडतो. प्रकल्पाची देखभाल करणारे अनुभवी विकसक तो बदल वाचतात, शंका विचारतात, दुरुस्त्या सुचवतात आणि समाधान झाल्यावर तो मूळ आज्ञावलीत सामावून घेतात. एखाद्या नियतकालिकाच्या संपादक मंडळाने आलेला लेख परीक्षकांकडून तपासून घ्यावा, तशीच ही प्रक्रिया आहे. या प्रक्रियेच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर आता बॉट उभे आहेत.

मायरेली वेसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिटहबवरील ३५१ मुक्तस्रोत प्रकल्प तपासले. त्यांपैकी ९३ प्रकल्पांत, म्हणजे सुमारे २६ टक्के प्रकल्पांत, बॉटचा वापर आढळला. लिंडा एर्लेनहोव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये २१ व्यावसायिकांच्या मुलाखती आणि १११ जणांचे सर्वेक्षण यांवरून असे दाखवून दिले की, 'बॉट' या शब्दाचा अर्थही सर्वांच्या मनात एकच नाही. काहींच्या मते जो संभाषण करतो तो बॉट. काहींच्या मते जो कोणी न सांगता आपणहून काम करतो तो बॉट. तर काहींच्या मते ज्याच्या कामात काही एक 'हुशारी' दिसते तोच बॉट म्हणवून घेण्यास पात्र. अपेक्षा भिन्न असल्यामुळे अपेक्षाभंगही भिन्न असतो, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दिलासा : बॉट हवासा का वाटतो?

बॉटविषयीच्या चर्चेत तक्रारींचा सूर मोठा असला तरी विकसकांनी बॉट स्वखुशीने स्वीकारले, हे विसरून चालणार नाही. याचे पहिले कारण कामाचा बोजा हे होय. लोकप्रिय मुक्तस्रोत प्रकल्पांचा भार बहुधा मोजक्या स्वयंसेवकांवर असतो. येणाऱ्या प्रत्येक बदलावर चाचण्या चालविणे, परवानापत्रावर स्वाक्षरी झाली की नाही हे पाहणे, योग्य परीक्षक नेमणे ही कामे आवश्यक असली तरी अत्यंत कंटाळवाणी असतात.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. आजची कोणतीही आज्ञावली इतरांनी लिहिलेल्या शेकडो लहान-मोठ्या लायब्ररींवर उभी असते. त्यांपैकी एकीत दोष निघाला तर संपूर्ण इमारत धोक्यात येते. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन संस्थेतील २०१७ ची माहितीचोरी हे याचे ठळक उदाहरण. अपाची स्ट्रट्स या लायब्ररीतील दोष दूर करणारी आवृत्ती त्या वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. ती वेळेवर न बसविल्यामुळे सुमारे १४.७ कोटी व्यक्तींची माहिती चोरीस गेली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतील दोषाने जगभरच्या विकसकांची झोप उडविली. अशा दोषांवर माणसाने सतत लक्ष ठेवणे अशक्यप्राय असते. डिपेंडाबॉट हा २०१७ मध्ये तयार झालेला आणि मे २०१९ मध्ये गिटहबने विकत घेतलेला बॉट नेमके हेच काम करतो. नवी आवृत्ती आली की तो आपणहून विलीनीकरणाची विनंती तयार करून समोर ठेवतो.

तिसरे कारण सामाजिक आहे. नियम मोडल्याचे सहकाऱ्याला सांगणे अवघड असते. रिकामी जागा कमी सुटली, नाव नियमाप्रमाणे दिले नाही, चाचणी लिहिली नाही अशा गोष्टी माणसाने दाखविल्या तर त्यात खोडसाळपणाचा वास येतो. तेच बॉटने सांगितले तर ते नियमाचे पालन ठरते. रस्ट या भाषेच्या प्रकल्पात सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणताही बदल मुख्य शाखेत जात नाही, आणि ही राखण बॉट करतो. तेथे ज्येष्ठ-कनिष्ठ असा भेद राहत नाही. नि:पक्षपातीपणा हा बॉटचा विकसकांना भावणारा गुण होय.

गोंगाट : अवधानावरील आक्रमण

दिलासा देणारा हाच सहकारी काही काळाने उपद्रवकारक का वाटू लागतो? समीम मिरहोसैनी व ख्रिस पार्निन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला ७,४७० प्रकल्पांचा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. स्वयंचलित विनंत्या पाठविणारे साधन वापरणाऱ्या प्रकल्पांनी आपल्या लायब्ररी, असे कोणतेही साधन न वापरणाऱ्या प्रकल्पांच्या तुलनेत १.६ पट अधिक वेळा अद्ययावत केल्या. म्हणजे साधनाचा उपयोग नि:संशय होता. परंतु या स्वयंचलित विनंत्यांपैकी केवळ एक तृतीयांश विनंत्याच स्वीकारल्या गेल्या. उरलेल्या दोन तृतीयांश विनंत्यांचे काय झाले? कोणी तरी त्या पाहिल्या, बाजूला सारल्या किंवा न पाहताच साचू दिल्या. नव्या आवृत्तीमुळे आपली आज्ञावली मोडेल काय, बदलाचे परिणाम नेमके कोणते, आणि तो करण्यास किती श्रम पडतील, या तीन चिंता ६२ विकसकांच्या सर्वेक्षणात ठळकपणे पुढे आल्या. बॉट आवृत्तीचा आकडा बदलतो. तो बदल पेलण्याची जबाबदारी मात्र माणसावरच राहते.

वेसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये देखभालकर्ते, योगदान देणारे विकसक आणि बॉट तयार करणारे अशा २१ जणांच्या मुलाखती घेतल्या. या मुलाखतींतून जी मध्यवर्ती तक्रार पुढे आली तिला संशोधकांनी 'गोंगाट' असे नाव दिले. आवश्यकतेपेक्षा लांब शेरे, एकाच गोष्टीची वारंवार सूचना, न मागितलेल्या कृती आणि चुकीच्या वेळी येणारे संदेश यांमुळे माणसांचा आपसांतील संवाद झाकोळला जातो, असा या तक्रारीचा आशय आहे. पन्नास संदेशांपैकी चाळीस बॉटचे असतील तर उरलेले दहा मानवी संदेश शोधण्याचे नवेच काम उभे राहते. यातूनच अनेकांना सगळेच संदेश दुर्लक्षित करण्याची सवय जडते, आणि एखादा खरोखर गंभीर इशारा त्या ढिगाऱ्यात हरवतो.

अवधानाचा हा व्यय किती खरा आहे, हे ग्लोरिया मार्क व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगातून स्पष्ट होते. ज्यांच्या कामात व्यत्यय आणला गेला त्यांनी काम उलट लवकर पूर्ण केले. पण त्यासाठी अधिक ताण, अधिक वैताग आणि वेळेचे अधिक दडपण सोसले. म्हणजे व्यत्ययाची किंमत उत्पादनाच्या आकड्यात दिसत नाही. ती काम करणाऱ्याच्या मनाला चुकवावी लागते. बॉटमुळे 'कार्यक्षमता वाढली' असे म्हणताना ही बाजू हमखास हिशोबाबाहेर राहते.

येथे फेसबुकमधील 'इन्फर' या दोषशोधक प्रणालीचा अनुभव विशेष बोलका आहे. या प्रणालीच्या निर्मात्यांनी २०१९ मध्ये लिहिल्याप्रमाणे, आरंभी तिने शोधलेल्या दोषांची यादी विकसकांकडे स्वतंत्रपणे सोपविली जात असे. त्या यादीतील दोष दुरुस्त होण्याचे प्रमाण जवळजवळ शून्य होते. पुढे हीच प्रणाली विकसकाने बदल परीक्षणासाठी सादर केला त्याच क्षणी, त्याच ओळीपाशी आपला शेरा मांडू लागली, आणि दुरुस्तीचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. प्रणाली तीच, विकसकही त्याच संस्थेतील. बदलली ती वेळ आणि जागा. मनात विषय ताजा असताना मिळालेली सूचना मदत वाटते. तो विषय मागे पडल्यावर आलेली तीच सूचना कटकट वाटते.

गूगलने 'ट्रायकॉर्डर' या प्रणालीत याच तत्त्वाला नियमाचे रूप दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार तेथे प्रत्येक स्वयंचलित शेऱ्याजवळ 'उपयोगी नाही' असे कळविण्याची सोय ठेवली गेली. ज्या विश्लेषकाविषयी असा अभिप्राय १० टक्क्यांहून अधिक वेळा येईल त्याच्या कर्त्याने तो सुधारावा, अन्यथा तो बंद केला जाईल, असे धोरण आखले गेले. एखादा शेरा तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही विकसकाने त्यावर काहीच केले नाही, तर तो निरुपयोगीच मानावा, ही यामागील भूमिका होती. बॉटच्या उपयुक्ततेचा निवाडा बॉटच्या निर्मात्याने न करता तो सोसणाऱ्याने करावा, असा हा अधिकारबदल आहे.

नवागत आणि बंद झालेले दार

बॉटचा सर्वाधिक परिणाम ज्याच्यावर होतो तो बहुधा सर्वांत कमी बोलतो. तो म्हणजे प्रकल्पात प्रथमच पाऊल टाकणारा विकसक. जुन्या सभासदाला कोणता संदेश महत्त्वाचा आणि कोणता दुर्लक्षणीय, हे अनुभवाने ठाऊक असते. नवागताला प्रत्येक संदेश अधिकारवाणीचा वाटतो. आपण पाठविलेल्या लहानशा दुरुस्तीवर काही सेकंदांत तीन-चार बॉट तुटून पडले, एकाने परवानापत्र मागितले, दुसऱ्याने चाचण्या अनुत्तीर्ण झाल्याचे लाल चिन्ह लावले, तिसऱ्याने शीर्षक नियमाप्रमाणे नसल्याचे सांगितले, तर तो गांगरून जातो. २०२१ च्या उपरोक्त मुलाखतींतही नवागतांवरील या दडपणाचा उल्लेख आढळतो.

निष्क्रिय तक्रारी बंद करणाऱ्या बॉटविषयीचा रोष याहून तीव्र आहे. कुबरनेटिस या प्रकल्पात रूढ झालेला क्रम पाहण्यासारखा आहे. ९० दिवस हालचाल न झालेल्या तक्रारीवर 'शिळी' अशी खूण बसते, आणखी ३० दिवसांनी 'कुजलेली' आणि त्यानंतर ३० दिवसांनी ती बंद होते. हजारो तक्रारी तुंबलेल्या प्रकल्पाला अशी झाडलोट अपरिहार्य असते, हे मान्य करावे लागेल. परंतु एखाद्याने दोन संध्याकाळी खर्चून दोष नीट लिहून पाठविला, कोणाही माणसाने तो वाचला नाही आणि पाच महिन्यांनी यंत्राने तो मिटवून टाकला, तर दोष दुरुस्त न झाल्याचे दु:ख गौण ठरते. आपले म्हणणे कोणी ऐकलेच नाही, हा खरा सल असतो. २० मोठ्या प्रकल्पांवर झालेल्या एका अभ्यासात अशा बॉटमुळे तुंबलेल्या विनंत्या निकाली निघाल्याचे व परीक्षण जलद झाल्याचे दिसले. त्याचबरोबर सक्रिय योगदान देणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटल्याचेही दिसले.

बॉटचा आणखी एक सूक्ष्म परिणाम १,१९४ प्रकल्पांच्या २०२० मधील अभ्यासात नोंदविला गेला. परीक्षण करणारे बॉट आल्यावर स्वीकारल्या जाणाऱ्या विनंत्या वाढल्या, नाकारल्या जाणाऱ्या घटल्या आणि विकसकांमधील आपसांतील संवाद कमी झाला. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे तिन्ही निष्कर्ष स्वागतार्ह वाटतील. पण परीक्षणाच्या निमित्ताने होणारा संवाद हीच या व्यवसायाची खरी पाठशाळा आहे. 'हे असे का केले?' या ज्येष्ठाच्या प्रश्नातून कनिष्ठ जे शिकतो, ते लाल-हिरव्या खुणेतून शिकता येत नाही.

ओळख, विश्वास आणि सही

समोरचा सहकारी यंत्र आहे हे कळताच माणसाची वृत्ती बदलते काय? अलेसांद्रो मुर्गिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर एक बॉट उत्तरे देऊ लागला; एकदा माणसाच्या रूपाने, तर एकदा बॉट असल्याचे उघड सांगून. उत्तरे तशीच असूनही मानवी ओळखीला अधिक मान मिळाला. यंत्राने चूक केली तर ती सहसा क्षमा केली जात नाही, असे यातून सूचित झाले.

स्वीडनमधील केटीएच व फ्रान्समधील इनरिया या संस्थांशी संबंधित मार्टिन मोनपेरुस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रिपेअरनेटर' या बॉटद्वारे हा प्रश्न पुढे नेला. मोडलेल्या चाचण्या हेरून त्यांवर दुरुस्ती सुचविणारा हा बॉट 'लुक एस्बेन' या काल्पनिक मानवी नावाने वावरत होता. २०१८ मध्ये त्याच्या पाच दुरुस्त्या विविध प्रकल्पांतील माणसांनी तपासून कायमच्या स्वीकारल्या. बॉटविषयीच्या पूर्वग्रहामुळे दुरुस्तीचा निवाडा बिघडू नये, हा नाव लपविण्यामागचा हेतू होता. पुढे ही ओळख उघड करण्यात आली. मात्र एक्लिप्स प्रतिष्ठानच्या 'डिट्टो' या प्रकल्पात एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. तेथील विकसकांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे योगदानकर्त्याच्या करारावर सही मागितली. बॉट सही कशी करणार? त्याच्या दुरुस्तीचा स्वामी कोण? बॉट चालविणारा, तो लिहिणारा, की ज्या संशोधनसंस्थेत तो घडला ती? हे प्रश्न स्वतः संशोधकांनीच प्रांजळपणे मांडले.

ही अडचण केवळ औपचारिक नव्हे. लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पात २००४ पासून प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लिहिण्याची प्रथा आहे. हा बदल देण्याचा आपणास हक्क आहे, असे ती लिहिणारा आपल्या नावानिशी सांगतो. पुढे वाद झालाच तर त्याला विचारता येते. याच प्रकल्पात २०१७ पासून गूगलचा 'सिझबॉट' अखंडपणे दोष शोधून कळवीत आहे आणि दुरुस्तीच्या नोंदीत दोष कळविणारा म्हणून त्याचे नावही सन्मानाने लिहिले जाते. दोष दाखविणाऱ्याचे श्रेय यंत्राला देण्यास कोणाची हरकत नाही. कारण तक्रार पडताळून पाहता येते. परंतु बदलाची हमी देणारी सही मात्र माणसाची लागते. श्रेय यंत्राला देता येते, दायित्व देता येत नाही.

विश्वासाला दुसऱ्या बाजूनेही तडा जाऊ शकतो. जुलै २०२३ मध्ये काही भामट्यांनी डिपेंडाबॉटचे सोंग घेऊन शेकडो प्रकल्पांत अपायकारक बदल घुसविले व गुप्त परवलीचे शब्द पळविले. बॉटचे नाव दिसले की बदल बारकाईने न पाहण्याच्या सवयीचा हा गैरफायदा होता.

बॉटची नवी पिढी

आतापर्यंत विवेचन केलेले बॉट ठरीव नियमांवर चालणारे होते. जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट प्रायोगिक स्वरूपात आला आणि मे २०२५ मध्ये त्याचेच पुढचे रूप, एखादी तक्रार सोपविताच स्वतः आज्ञावली लिहून विलीनीकरणाची विनंती मांडणारा सहकारी, उपलब्ध झाला. पूर्वी बॉट माणसाचे काम तपासत असे. आता माणूस बॉटचे काम तपासू लागला आहे. बेनब्रिज यांनी वर्णिलेला देखरेखीचा प्रसंग तो हाच.

विकसकांची भावना या टप्प्यावर द्विधा झालेली दिसते. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या वार्षिक सर्वेक्षणात ८४ टक्के प्रतिसादकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरत असल्याचे वा वापरण्याचा मानस असल्याचे सांगितले; त्याच वेळी ४६ टक्क्यांनी त्यांच्या अचूकतेवर विश्वास नसल्याचे नोंदविले. जवळजवळ बरोबर, पण पूर्ण बरोबर नाही, अशी उत्तरे मिळतात, ही सर्वांत मोठी तक्रार ६६ टक्क्यांची होती. ढळढळीत चूक चटकन दिसते. जवळजवळ बरोबर असलेले काम मात्र ओळ न ओळ वाचावे लागते.

वाटणे आणि असणे यांतील अंतरही लक्षणीय आहे. मीटर या संशोधनसंस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी मुक्तस्रोत विकसकांनी आपल्याच प्रकल्पांतील २४६ कामे केली. साधनांमुळे वेळ २४ टक्के वाचेल, अशी त्यांची अपेक्षा होती. काम संपल्यावरही सुमारे २० टक्के वाचला असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात १९ टक्के वेळ अधिक लागला होता. हा प्रयोग लहान होता व २०२५ च्या आरंभीच्या साधनांपुरता होता. त्यावरून सर्वकाळाचा निष्कर्ष काढता येणार नाही. तथापि केवळ भावनेवरून कार्यक्षमता मोजू नये, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

या पिढीचा भार सर्वांत अधिक स्वयंसेवकांवर पडला. कर्ल या सुप्रसिद्ध साधनाचे स्वीडिश निर्माते डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२४ पासून यंत्राकडून लिहवून घेतलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींविषयी जाहीरपणे लिहिले. अशी तक्रार तयार करण्यास क्षणभर पुरतो. ती खोटी असल्याचे सिद्ध करण्यास जाणकाराचे अनेक तास लागतात. अखेर जानेवारी २०२६ च्या शेवटी या प्रकल्पाने दोष शोधणाऱ्यांना पारितोषिक देण्याची योजनाच बंद केली. जेंटू या प्रकल्पाने तर एप्रिल २०२४ मध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने तयार केलेले योगदान न स्वीकारण्याचा ठराव केला होता. यंत्र बनविणाऱ्यांनीच आपल्या अंगणाला घातलेले हे कुंपण यंत्राच्या द्वेषातून आलेले नाही. मोजक्या मानवी अवधानाची राखण हा त्याचा हेतू आहे.

निष्कर्ष

१) बॉटविषयी विकसकांच्या भावना परस्परविरोधी भासल्या तरी त्यांत सुसंगती आहे. कंटाळवाणे काम कमी करणारा व पडताळून पाहता येणारा बॉट हवासा वाटतो. नवे काम निर्माण करणारा बॉट नकोसा होतो.
२) सूचना किती बरोबर आहे याइतकेच ती केव्हा, कोठे आणि कितीदा दिली जाते, यावर तिचा स्वीकार अवलंबून असतो.
३) बॉटच्या गोंगाटाची आणि कठोरपणाची झळ नवागतांना अधिक बसते, परीक्षणातील मानवी संवाद घटल्याने शिकण्याची संधीही घटते.
४) बॉटची उपयुक्तता ठरविण्याचा अधिकार तो वापरणाऱ्या विकसकांकडे असावा.
५) श्रेय यंत्रासह वाटून घेता येते; उत्तरदायित्व मात्र नावानिशी उभ्या असलेल्या व्यक्तीकडेच राहते.

समारोप

संगणकशास्त्राच्या अध्यापनात आज्ञावली लिहिण्यावर भर दिला जातो; दुसऱ्याने, विशेषत: यंत्राने, लिहिलेली आज्ञावली चिकित्सकपणे वाचण्याचा सराव तुलनेने कमी होतो. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला कामाच्या पहिल्याच आठवड्यात बॉटचे शेरे वाचावे लागतात आणि बॉटने लिहिलेल्या बदलावर आपल्या नावाने संमती द्यावी लागते. ती संमती कशाची आहे, हे त्याला महाविद्यालयातच उमगायला हवे. न समजलेल्या बदलाला होकार न देणे, लाल खुणेने न खचता तिचे कारण शोधणे आणि यंत्राच्या शेऱ्यापलीकडे जाऊन माणसाला प्रश्न विचारणे, या तीन सवयी अभ्यासक्रमाची वाट न पाहता प्रयोगशाळेतील तासिकेतही लावता येतील. बॉटची संख्या वाढतच जाणार आहे. त्यांच्या गर्दीत माणसांचा आपसांतील संवाद टिकला, तरच यंत्राने केलेल्या कामाची जबाबदारी घेणारी माणसेही पुढच्या पिढीत घडत राहतील.